म्हणे, बायकांचे हात गरम!

मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात २००४ साली ‘वसाबी’ हे जपानी रेस्टॉरंट सुरू झालं. सुशी म्हणजे कच्चा मासा, म्हणून आपण नाक मुरडतो. खरं तर सुशीत मुख्य असतो तो व्हिनेगर घातलेला भात. त्याच्या छोट्या मुटक्यावर माशाचा पातळ काप ठेवतात. भात-मासे तर आम्हा वीर-महाडकडच्यांचंही आवडीचं जेवण!

मला खटकलं ते वेगळंच. जपानमध्ये सुशी करायची ती पुरुषांनीच, अशी परंपरा. का? तर म्हणे बायकांचे हात गरम, त्याने मासा बिघडतो. शिवाय पाळीमुळे त्यांना चव नीट कळत नाही! ओळखीचं वाटतं ना? ‘पाळीत लोणच्याच्या बरणीला हात लावू नकोस,’ हे आपणही ऐकलंय.

तोक्योत २०१० साली ‘नादेशिको सुशी’ सुरू झालं. तिथे सुशी करणाऱ्या सगळ्या बायकाच. त्यांच्या शेफ युकी चिझुई यांनी टोमणे ऐकले, पण हात थांबवले नाहीत.

मैत्रिणींनो, घरात रोज रांधताना आपले हात चालतात. मग पैसा आणि मान मिळतो तिथेच ते गरम कसे होतात? जपानचं राहू द्या, निदान आपल्या लेकीला तरी बरणीपासून लांब ठेवू नका.