एक लक्ष सत्तर हजारांचा हिशेब

८ ऑगस्ट २०२३ रोजी ‘युनायटेड पार्सल सर्व्हिस’ या अमेरिकन कंपनीच्या प्रमुख कॅरल टोमे यांनी कंपनीच्या जमाखर्चाविषयी बोलताना एक आकडा सांगितला. ‘टीमस्टर्स’ या कामगार संघटनेबरोबर नुकताच ठरलेला पाच वर्षांचा करार संपेल तेव्हा पार्सले पोचवणारा पूर्णवेळ चालक वेतन व लाभ मिळून वर्षाला सरासरी १,७०,००० डॉलर मिळवील, असे त्या म्हणाल्या. आकडा वृत्तपत्रांतून फिरू लागला आणि फिरता फिरता त्याच्या अटी गळून पडल्या. ‘करार संपेल तेव्हा’ गेले, ‘लाभ मिळून’ गेले, ‘पूर्णवेळ’ गेले. उरला तो लक्षाधीश पार्सलवाला! त्याच्याहून कमी मिळवणाऱ्या पांढरपेशा नोकरदारांना त्याचा हेवा वाटू लागला, आणि आपल्याला कमी का मिळते हा प्रश्न त्यांनी आपल्या मालकाला विचारायचा राहूनच गेला.

आकडा खोटा आहे असे आमचे म्हणणे नाही. तो मालकाच्या वहीतला आहे, एवढेच. एका चालकापायी कंपनीचे किती पैसे जातात हे ती वही सांगते. चालकाच्या घरी किती येतात हे पाहायचे तर हिशेब तासापासून मांडला पाहिजे.

कराराच्या अखेरीस अनुभवी चालकाचा सर्वोच्च दर तासाला सरासरी ४९ डॉलर होईल. आठवड्याचे ४० तास आणि वर्षाचे ५२ आठवडे धरले, तर १,०१,९२० डॉलर होतात. करारापूर्वी कंपनी अशाच रीतीने १,४५,००० डॉलरचा आकडा सांगत असे. त्यांपैकी सुमारे ५०,००० डॉलर आरोग्यविमा, निवृत्तिवेतन आदी लाभांचे होते. तेवढेच पुढेही धरले तर बेरीज १,५२,००० च्या जवळ जाते. उरलेले अठरा हजार येणार कोठून? जादा कामातून. दीडपट दराने तासाला साडेत्र्याहत्तर डॉलर, म्हणजे वर्षाकाठी सुमारे २४५ तास. लाभांवरचा खर्च वाढेल तसे हे तास थोडे घटतील. पण सरासरीत चालकाची संध्याकाळही मोजली जाते, हे विसरता कामा नये. शिवाय नवा पूर्णवेळ चालक सर्वोच्च दरापर्यंत पोचायला चार वर्षे लागतात. कर वेगळा, आणि दरमहा अडीच तासांच्या मजुरीइतकी संघटनेची वर्गणी वेगळी.

भविष्य निर्वाह निधीतला मालकाचा हिस्सा आपल्याकडचा कोणताही कामगार पगार म्हणून घरी सांगत नाही. अर्थात आरोग्यविमा क्षुल्लक आहे असे नव्हे. जेथे सर्वांसाठी सरकारी आरोग्यविमा नाही, एका शस्त्रक्रियेने घर विकावे लागते, तेथे संघटनेने मिळवलेला विमा ही मोठीच मिळकत आहे. आणि डॉलरला रुपयांनी गुणून थक्क होण्याचा मोह आपल्या कार्यकर्त्यांनीही आवरावा. घरभाडे त्याला तिथलेच भरायचे असते.

वाढ किती? पहिल्या वर्षी तासाला पावणेतीन डॉलर, पाच वर्षांत साडेसात. बेचाळीस डॉलरच्या सुमाराच्या दरावर ही वाढ अठरा टक्क्यांच्या घरात जाते. एकट्या २०२२ साली अमेरिकेत महागाई आठ टक्क्यांनी वाढली होती. त्याच वर्षी कंपनीची उलाढाल शंभर अब्ज डॉलरवर गेली आणि निव्वळ नफा साडेअकरा अब्ज झाला. उदारपणाचे श्रेय कोणी कोणाला द्यावे?

आमच्या मते या कराराचे खरे यश दुसरीकडे आहे. २०१८ च्या करारात चालकांचा एक दुय्यम वर्ग निर्माण झाला होता: गाडी तीच, काम तेच, दर मात्र कमी. मतदान करणाऱ्या सभासदांपैकी बहुसंख्यांनी तो करार नाकारला असताना, मतदान निम्म्याहून कमी झाले, या नियमावर बोट ठेवून तेव्हाच्या नेतृत्वाने तो लादला. २०२१ मध्ये सभासदांनी तो नियमही घालवला आणि नेतृत्वही बदलले. २०२३ मध्ये संपाची तयारी पुरी होताच दुय्यम वर्ग रद्द झाला आणि सुटीच्या दिवशीची सक्तीची ड्यूटीही बंद झाली. ८६ टक्क्यांहून अधिक मतांनी करार संमत झाला, यात नवल नाही.

मात्र करारात आलेल्या सुमारे ३,४०,००० कामगारांपैकी निम्म्याहून अधिक चालक नाहीतच. ते गोदामांत रात्री-अपरात्री गाड्या भरणारे अर्धवेळ कामगार आहेत. १९९७ साली १,८५,००० कामगारांनी पंधरा दिवसांचा संप केला, तो मुख्यतः या अर्धवेळेच्याच प्रश्नावर. नव्या करारात त्यांचा किमान दर साडेपंधरावरून २१ डॉलर झाला. पण माणसे मिळेनात म्हणून अनेक ठिकाणी कंपनी आधीच जास्त दर देत होती, तेथे प्रत्यक्ष वाढ त्यामानाने लहान ठरली. शिवाय हमी मिळते ती दिवसाला साडेतीन तासांच्या कामाची. आठवड्याचे साडेसतरा तास धरले, तर वर्षाचे १९,११० डॉलर होतात. त्यांनाही विमा आहे, हे खरे. पण या आकड्याचा मथळा कोणी छापला नाही.

पुढे काय झाले? अमेझॉनची पार्सले पोचवणारे चालक कागदोपत्री त्या कंपनीचे नसतात, ठेकेदारांचे असतात. २०२४ मध्ये त्यांची सरासरी मजुरी तासाला बावीस डॉलरच्या सुमारास होती. हा दर शेजारी असताना ४९ डॉलरचा दर किती काळ टिकतो, हा चळवळीपुढचा प्रश्न आहे. जानेवारी २०२५ मध्ये युनायटेड पार्सलने अमेझॉनचे काम निम्म्याहून अधिक कमी करण्याचे ठरवले. एप्रिलमध्ये वीस हजार नोकऱ्या कमी करण्याची आणि ७३ इमारती बंद करण्याची घोषणा झाली. त्या उन्हाळ्यात तर चालकांना पैसे घेऊन नोकरी सोडण्याचा प्रस्ताव आला. करारात साडेसात हजार नव्या पूर्णवेळ जागांचे वचन होते. तेव्हा हा कराराचा भंग आहे, अशी संघटनेने तक्रार केली.

कराराची मुदत ३१ जुलै २०२८ रोजी संपते. तासाच्या दराबरोबरच अर्धवेळ कामगाराला तास किती आणि ठेकेदाराच्या चालकाला संघटनेत जागा किती, हे त्या वाटाघाटींपूर्वीच टीमस्टर्सना ठरवावे लागेल.