करवल्यांचे पैंजण

नातीच्या लग्नात करवल्या चार. दोन आतेबहिणी, दोन कॉलेजातल्या मैत्रिणी. त्यांना काय द्यायचं यावर घरात आठवडाभर खल झाला. शेवटी नात म्हणाली, "आजी, चौघींना सारखे पैंजण देऊ, पण हाताने घडवलेले." म्हणून आम्ही दोघी हुपरीला गेलो. कोल्हापूर जिल्ह्यातलं हे चांदीचं गाव तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक असेलच.

दुकान असं नव्हतंच. घराच्या पुढच्या खोलीतच काम. तो कड्या वळत होता, बायको एकेक घुंगरू झाळत होती. त्याने हिशोब सरळ मांडला: ९२.५ टक्के चांदी, वजनाचे पैसे वेगळे, मजुरी वेगळी.

आणि मी सवयीने म्हटलं, "मजुरीत काहीतरी कमी करा की."

चांदीच्या भावावर चकार शब्द काढला नव्हता बरं का! तिथे आपलं काही चालत नाही. चालतं ते समोरच्याच्या हातावर. १९७७-७८ च्या ५४ दिवसांच्या संपात महागाई भत्त्यासाठी मीही बिनपगारी बसले होते. मला तेव्हा कुणी असं म्हटलं असतं तर?

खर्च झेपत नसेल तर हलके पैंजण घ्यावेत, मजुरीला हात लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पटत नसेल तर भांडा माझ्याशी!

तो बिचारा जोडीमागे वीस रुपये सोडायला तयार झाला होता. नातीने माझा हात दाबला. वजन थोडं उतरवलं, मजुरी पूर्ण दिली. धाकट्या करवलीच्या पायाचं माप मात्र घरीच राहिलं. आता पुन्हा एक खेप आलीच.