नक्कल झाली, तरी संगणक उठेना

चामोर्शीसारख्या तालुक्याच्या गावी दुकानातील संगणक म्हणजे आजची रोजमेळाची वही. किराणा असो, कृषी केंद्र असो वा भातगिरणी. उधारी, खरेदी आणि जीएसटीची विवरणपत्रे त्या एका पेटीतच असतात. वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने जपून ठेवावे लागतात. जुनी फिरती हार्ड डिस्क मंदावली की नवी एसएसडी मागविली जाते. रात्री दुकान बंद झाल्यावर जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल, म्हणजे क्लोन, केली जाते. आणि सकाळी काळ्या पडद्यावर ‘बूट करण्याजोगी डिस्क सापडली नाही’ अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य उमटते.

अशा वेळी माहिती बहुधा नव्या डिस्कवर सुखरूप असते. हरवलेली असते ती तिच्याकडे जाणारी वाट. संगणक सुरू होताना त्याच्या मुख्य बोर्डावरील यूईएफआय प्रणालीला ‘सी’ ड्राइव्ह ठाऊक नसतो. ती शोधते सुमारे १०० एमबीचा एक लहानसा विभाग. विंडोज कोठे आहे, याची नोंद त्यात असते. हा ईएफआय विभाग एरवी डोळ्यांना दिसत नाही. म्हणून केवळ ‘सी’ची नक्कल करून काम उरकले असे समजले जाते. नक्कल अखंड डिस्कची करावी, त्यातील सर्व लहान विभागांसह. जुन्या संगणकांत आणखी एक मेख असते. त्यांची डिस्क बहुधा एमबीआर पद्धतीने आखलेली असते आणि ती ‘लेगसी’ बूटनेच उठते. नव्या पद्धतीत जीपीटी आणि यूईएफआय यांची जोडी लागते. ही जोडी बिघडली तर उत्तम नक्कलही उठत नाही.

सर्वांत फसवी चूक याहून साधी आहे. नक्कल झाल्यावर दोन्ही डिस्क जोडलेल्याच ठेवून संगणक सुरू केला जातो. दोघींची ओळखखूण एकच असल्याने विंडोज एकीला बाजूला सारते. किंवा संगणक जुन्याच डिस्कवरून उठतो आणि मालक मात्र नवी चालली म्हणून निश्चिंत होतो. महिन्याभराने जुनी डिस्क काढली की पडदा काळा, आणि त्या महिन्याची बिले नव्या डिस्कवर नाहीतच. म्हणून नक्कल संपताच संगणक पूर्ण बंद करावा, जुनी डिस्क काढावी आणि पहिला प्रारंभ एकट्या नव्या डिस्कवर करावा. एसएसडी यूएसबीच्या डबीत असताना विंडोज सहसा उठत नाही. ती आतच बसवून पाहावी.

तरीही न उठल्यास आधी बायोसमध्ये नवी डिस्क दिसते का आणि बूट-क्रमात ती पहिली आहे का, हे पाहावे. दिसत असेल, तर विंडोजच्या पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करून दुरुस्तीच्या पर्यायातील ‘स्टार्टअप रिपेअर’ चालवावा. त्यानेही भागले नाही तर ‘बीसीडीबूट’ ही आज्ञा बूटची नोंद नव्याने लिहून देते. ती मात्र जाणकाराकडूनच चालवून घ्यावी. ४८ अंकी किल्ली मागितली गेली, तर डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद आहे असे समजावे. ती किल्ली नक्कल करण्यापूर्वीच कागदावर उतरवून ठेवायची असते.

खरेदीतही फसगत होते. एम-२ आकाराच्या पट्ट्या दिसायला सारख्या, पण काही साटा तर काही एनव्हीएमई. जुना बोर्ड बहुधा एनव्हीएमईवरून उठत नाही. चुकीची पट्टी बदलून आणायची म्हणजे चंद्रपूर किंवा नागपूरची फेरी. त्यापेक्षा बोर्डाचा नमुना-क्रमांक आधीच लिहून न्यावा. दहा वर्षांच्या यंत्राला अडीच इंची साटा एसएसडी पुरेशी होते. अर्थात एसएसडीने वेग वाढतो, यंत्राचे वय नाही. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि जुना प्रोसेसर नव्या डिस्कमुळे विंडोज ११ ला पात्र होत नाही.

जुनी डिस्क टकटक आवाज करीत असेल, किंवा नक्कल दर वेळी एकाच टक्क्यावर अडत असेल, तर पुन्हा पुन्हा प्रयत्न करू नये. प्रत्येक प्रयत्न तिला अधिक थकवितो. आधी केवळ हिशेबाचे फोल्डर दुसरीकडे उतरवून घ्यावे. विंडोज नंतर कोरे टाकता येते. वीज मध्येच गेल्यास नक्कल अर्धवट राहते. यूपीएस नसेल, तर पावसाळी रात्री हे काम काढूच नये. काही हिशेब-प्रणालींचा परवाना त्या यंत्राच्या भागांशी बांधलेला असतो. तो डिस्क बदलण्यापूर्वी परत जमा करावा लागतो.

नव्या डिस्कवर हिशेब उघडला, मागील वर्षाची शिल्लक जुळली, एक बिल छापून निघाले आणि त्या महिन्याचे विवरणपत्रही भरून झाले, की मगच जुन्या डिस्कचे काय करायचे ते ठरवावे. तोवर तिच्यावर तारीख लिहून ती कपाटात राहू द्यावी.