तलफ आली? अर्धा तास काढा!

जुलै २०२५मध्ये महाड एमआयडीसीत पोलिसांनी केटामाइनचा कोट्यवधींचा साठा पकडला, ती बातमी तुम्ही वाचली असेल. पण रोजच्या व्यसनाची बातमी होत नाही. टपरीवर २०१२पासून बंदी असलेला गुटखा मिळतो, शिफ्ट सुटली की क्वार्टर ठरलेली असते. एखादा मित्र ‘सोडायचंय’ म्हणाला, की सल्ला तयार : ‘प्राणायाम कर, सुटेल.’ खरंच सुटतं?

हे अर्धंच खरं आहे. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम बंद केली, तर हात थरथरतात, फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो. जिवावरही बेतू शकतं. तिथे डॉक्टरच हवा. पुण्यात डॉ. अनिल आणि डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’मध्ये योग-प्राणायाम आहे, पण औषधं, समुपदेशन आणि गटचर्चा यांच्या जोडीला.

मग श्वासाचा उपयोग कधी? घरी परतल्यावर. वरंध घाट उतरून माणूस महाड-पोलादपूरला येतो, तेव्हा नाका तोच असतो, मित्रही तेच. गणपतीला मुंबईकर गावी आले, की ‘एकच घे रे’ सुरू होतं. तलफ लाटेसारखी चढते, पण तिला दाद दिली नाही तर बहुतेकदा अर्ध्या तासात ओसरते. तेवढा वेळ काढायला श्वास मदत करतो. तो सावकाश सोडला, की हृदयाची गती मंदावते, अंग सैल पडतं. तलफेशी भांडू नका. ती कुठे जाणवतेय, घशात की छातीत, एवढंच बघा.

अमेरिकेत २८६ जणांवर झालेल्या आणि २०१४मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, उपचारांनंतर अशी सजगता शिकलेल्यांचे नशेचे दिवस वर्षभरानंतर इतरांपेक्षा कमी दिसले.

करून बघा : चार मोजत श्वास घ्या, सहा मोजत सोडा. पाच मिनिटं, रोज. चक्कर आली तर थांबा. तलफ नसतानाही सराव हवाच. सावित्रीला पूर आल्यावर कोणी पोहायला शिकत नाही.

पाय घसरला तर लपवू नका. १४४४६ या टोल-फ्री हेल्पलाइनवर बोला, डॉक्टरांना भेटा. आणि व्यसन तुमचं नसेल, मित्राचं असेल, तर त्याला प्राणायामाचं लेक्चर देऊ नका. तो अर्धा तास त्याच्यासोबत बसा. ‘एकच घे’ तर अजिबात म्हणू नका.