पगारापलीकडची सुलोचना

सुलोचना म्हटलं की आपल्याकडे घरोघरी सुलोचनादीदीच आठवतात. पण त्यांच्या कितीतरी आधी आणखी एक सुलोचना होऊन गेली, मूकपटांतली. खरं नाव रूबी मायर्स. बगदादी ज्यू घराणं, जन्म १९०७ चा आणि तोही आपल्या पुण्यातला!

तिच्याबद्दल कुठेही वाचा, पहिली गोष्ट येते पगाराची. मुंबईच्या गव्हर्नरपेक्षा म्हणे तिला जास्त पैसे मिळायचे. मला या गोष्टीचा आताशा कंटाळा आलाय. नटाबद्दल लिहिताना आधी त्याच्या भूमिका सांगतात, नटीच्या वेळी मात्र थेट हिशेबाची वही उघडतात. असं का, कोण जाणे.

तिचं काम पाहा ना! टेलिफोन ऑपरेटर असलेल्या या मुलीला मोहन भवनानींनी कोहिनूर कंपनीत आणलं. १९२६ मध्ये 'टायपिस्ट गर्ल' आला. १९२७ च्या 'वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे'मध्ये तिने आठ वेगवेगळी रूपं घेतली. त्यात माळी होता, पोलीस होता, हैदराबादी गृहस्थसुद्धा होता. आणि हे सगळं एकही शब्द न बोलता, बरं का.

मग १९३१ मध्ये बोलपट आला आणि तिथेच घोडं अडलं. दिवसभर फोनवर बोलायची नोकरी केलेल्या बाईला पडद्यावर बोलण्यापुरती हिंदुस्तानी येत नव्हती. ती ज्या इंपीरियलची मोठी तारका, त्याच कंपनीच्या 'आलम आरा'त नायिका झाली जुबेदा. माझ्या मते तिच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम यानंतरचं आहे. तिने वर्षभर थांबून भाषा शिकून घेतली आणि १९३२ मध्ये आपल्याच 'माधुरी' या मूकपटाच्या बोलपटात ती परत उभी राहिली. यशाच्या शिखरावर असताना पुन्हा बाराखडीपासून सुरुवात करायची... पगाराच्या आकड्यापेक्षा मला हे फार मोठं वाटतं.

दुर्दैवाने तिच्या मूकपटांतलं आज पाहायला जवळजवळ काहीच उरलेलं नाही. कदाचित म्हणूनच लोक पगारावर येऊन थांबत असावेत. १९७३ सालचा फाळके पुरस्कार तिला मिळाला. १९८३ मध्ये ती गेली.

१९२८ च्या मूक 'अनारकली'त आणि १९३५ च्या बोलपटातही अनारकली तीच होती. १९५३ चा, सी. रामचंद्रांच्या गाण्यांचा 'अनारकली' आपण सगळ्यांनी बघितलाय, पण तो बीना रॉयसाठी. पुन्हा लावलात तर सलीमच्या आईकडे नीट बघा. तीच ही.