तुमचा संगणक भंगारात कोण काढतो?

ऑक्टोबर २०२५ मधली गोष्ट. आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत येणाऱ्या एका मुलीच्या वडिलांनी ५८ हजारांचा लॅपटॉप हप्त्यावर घेतला. मुलगी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला, वडील कंत्राटी सफाई कामगार. घरात मामेभावाने दिलेला जुना लॅपटॉप होता आणि तो चालतही होता. मग नवा कशाला? तर एका पोर्टलवर मुलीने वाचले होते की १४ ऑक्टोबरनंतर विंडोज १० चे संगणक 'निकामी' होणार. त्याच लेखाखाली 'विद्यार्थ्यांसाठी सर्वोत्तम पाच लॅपटॉप' अशी यादी होती आणि प्रत्येक नावापुढे खरेदीचे बटण.

तो जुना लॅपटॉप आम्ही अभ्यासिकेत आणून उघडला. हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली, लिनक्स टाकले. आज त्यावर तीन मुले पाळीपाळीने स्पर्धा परीक्षेच्या पीडीएफ वाचतात, अर्ज भरतात, टायपिंग करतात. वडिलांचे हप्ते मात्र अजून चालूच आहेत.

त्या लेखात खरे किती होते? १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला नेहमीचे अपडेट देणे थांबवले, हे खरे. पण संगणक त्या दिवशी बंद पडणार नव्हते. सुरक्षा अपडेट थांबणार होते. ही जोखीम खरी आहे. संगणकावरून बँकेचे व्यवहार करणाऱ्याने ती हलक्यात घेऊ नये. पण त्यावर उपाय होते. खुद्द मायक्रोसॉफ्टने घरगुती वापरकर्त्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट घेण्याची सोय ठेवली होती. आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यावर सेटिंगचा बॅकअप सुरू केला, तर त्याला पैसेही लागत नव्हते. लिनक्स तर फुकटच मिळते. विंडोज ११ साठी टीपीएम २.० आणि ठरावीक पिढीपुढचा प्रोसेसर हवा, ही अट कंपनीने घातलेली आहे. त्या अटीत न बसणाऱ्या यंत्राची ताकद संपली, असा तिचा अर्थ होत नाही. कॅनालिस या बाजार-संशोधन संस्थेने २०२३ मध्येच अंदाज दिला होता की या निर्णयाने सुमारे २४ कोटी संगणक भंगारात जाऊ शकतात.

यातले काहीही त्या लेखात नव्हते. 'निकामी' हा एक शब्द सोडला तर त्यात खोटे असे काही नव्हते. सगळी लबाडी गाळलेल्या मजकुरात होती.

१९२० साली 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊनही 'केसरी'ने छापली नव्हती. छापलेल्या मजकुराइतकेच न छापलेलेही वाचायचे असते, हा धडा आपल्या चळवळीने शंभर वर्षांपूर्वीच घेतला आहे. राजकारणाच्या बातम्या आपण तसे वाचतोही. मग संगणकाची बातमी आली की आपली चिकित्सा कुठे जाते? 'हे तर तंत्रज्ञान, यात कसला पक्षपात?' असे म्हणून आपण मान का डोलावतो?

पक्षपात म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पैशांचे पाकीट येते. प्रत्यक्षात पाकिटाची गरज क्वचितच पडते. डिसेंबर २००६ मध्ये विंडोज व्हिस्टाचा प्रचार करताना मायक्रोसॉफ्ट आणि एएमडीने अनेक ब्लॉगरना महागडे एसर फेरारी लॅपटॉप पाठवले. 'चांगले लिहा' अशी अट त्यात नव्हती. पण फुकट आलेल्या यंत्राबद्दल माणूस किती कठोर लिहील? बोभाटा झाला तेव्हा, परीक्षण झाल्यावर लॅपटॉप परत करा किंवा दुसऱ्याला देऊन टाका, असे सांगण्याची पाळी कंपनीवर आली.

यंत्र देऊन जे साधते तेच यंत्र न देऊनही साधता येते. डिसेंबर २०२० मध्ये एनव्हिडियाने 'हार्डवेअर अनबॉक्स्ड' या परीक्षकांना कळवले की यापुढे आमची ग्राफिक्स कार्डे तुम्हाला मिळणार नाहीत. गुन्हा काय? कंपनीला ज्या 'रे ट्रेसिंग'चा गाजावाजा करायचा होता, त्याला त्यांनी पुरेसे महत्त्व दिले नाही. जगभर टीका झाल्यावर कंपनीने माघार घेतली. पण ज्यांना अशी ताकीद मिळाली आणि जे गप्प बसले असतील, त्यांची बातमी आपल्यापर्यंत कशी येणार?

कधी दबाव थेट मालकाकडून येतो. जानेवारी २०१३ मध्ये सीनेटच्या संपादकांनी लास व्हेगासच्या सीईएस प्रदर्शनात डिश कंपनीच्या 'हॉपर' या टीव्ही रेकॉर्डरची पुरस्कारासाठी निवड केली होती. सीनेटची मालक सीबीएस, आणि सीबीएसचा डिशशी त्याच यंत्रावरून कोर्टात वाद चालू. मालकाने निवड रद्द करायला लावली. ग्रेग सँडोव्हाल या वार्ताहराने त्यानंतर राजीनामा दिला.

आणि कधी कोणीच अप्रामाणिक नसते, तरी ग्राहक फसतो. २०२२ मध्ये ॲपलचा एम२ प्रोसेसरचा १३ इंची मॅकबुक प्रो आला. पहिल्या परीक्षणांपैकी अनेकांत जास्त साठवणुकीची महागडी मॉडेल होती आणि कौतुक जोरात झाले. मग काहींनी स्वतःच्या पैशाने सर्वांत स्वस्त, २५६ जीबीचे मॉडेल घेऊन मोजले. त्याच्या एसएसडीचा वाचण्याचा वेग आधीच्या एम१ मॉडेलच्या जवळपास निम्मा निघाला, कारण दोन चिपांऐवजी एकच चिप बसवली होती. परीक्षकांनी जे वापरले तेच लिहिले होते. पण स्वस्तातले मॉडेल घेणारा माणूस त्या परीक्षणात कुठेच नव्हता. आपली पोरे नेहमी तेच स्वस्तातले मॉडेल घेतात!

आता आपल्याच व्हॉट्सॲप ग्रुपांकडे पाहू. इंटेल भारी की एएमडी, विंडोज की मॅक, यावर आपले तरुण रात्र रात्र भांडतात. एकमेकांना 'विकला गेलास' म्हणतात. आमचे म्हणणे असे की हे भांडणच फसवे आहे. या सगळ्या बाजूंचे एका गोष्टीवर एकमत असते : नवे घ्या. नव्या लॅपटॉपमागे जाहिरात आहे, कमिशन आहे, उद्घाटनाचे निमंत्रण आहे. जुन्या यंत्रात रॅम वाढवण्यात कोणाला काय मिळते? कोपऱ्यावरच्या रिपेअरिंगवाल्याला चार पैसे. तो काही जाहिरात देत नाही. तंत्रज्ञान-पत्रकारितेचा सर्वांत मोठा पक्षपात हा आहे आणि त्याची किंमत हप्त्यावर जगणारी घरे मोजतात.

काही कार्यकर्ते यावर म्हणतील, 'सगळा मीडियाच विकलेला, कशावरच विश्वास नको.' हा आळस आहे. वर सांगितलेले दोष उघडकीला कोणी आणले? स्वतः यंत्र विकत घेऊन मोजणाऱ्यांनी, नोकरी सोडणाऱ्या वार्ताहराने. मे २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने 'रिकॉल'ची घोषणा केली. पडद्यावरचे सगळे टिपून ठेवणारी ही सोय किती असुरक्षित आहे, हे सुरक्षा संशोधकांनी काही आठवड्यांत दाखवले आणि जूनमध्ये कंपनीला ती लांबणीवर टाकावी लागली. सगळ्यांना एकाच तराजूत टाकणारा माणूस शेवटी दुकानदाराचेच ऐकून घरी येतो.

म्हणून प्रत्येक परीक्षणाला काही प्रश्न विचारायचे. यंत्र विकत घेतले की कंपनीने दिले? खरेदीच्या दुव्यावर कमिशन आहे का, आणि ते उघड सांगितले आहे का? तपासलेल्या मॉडेलची रॅम आणि एसएसडी तुम्ही घेणार त्याच मॉडेलची आहे का? आकडे स्वतः मोजलेले की कंपनीच्या पत्रकातले? यंत्र किती दिवस वापरले? एकही दोष सांगितला आहे का? आणि शेवटचा, सर्वांत महत्त्वाचा : 'घेऊ नका, आहे तेच दुरुस्त करा' असे हा लेखक कधी म्हणतो का?

कायदाही आपल्या बाजूने आहे. पैसे किंवा भेटवस्तू घेऊन शिफारस करणाऱ्याने ते स्पष्ट सांगावे, असे केंद्र सरकारच्या ग्राहक विभागाने जानेवारी २०२३ मध्ये सांगितले आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. आपण किती जणांनी केली?

आमचाही कल सांगून टाकतो. आम्ही कोणत्या कंपनीकडून रुपया घेतलेला नाही, पण जुन्या यंत्राच्या बाजूने आमचे मन झुकते. व्हिडिओ एडिटिंग किंवा डिझाइन शिकणाऱ्याला नवे यंत्र खरोखर लागू शकते. तेव्हा आमच्या लेखालाही हेच प्रश्न विचारा. मात्र तुमच्या वस्तीत कोणी हप्त्याच्या कागदावर सही करायला निघाले असेल, तर आधी त्याचा जुना लॅपटॉप अभ्यासिकेत मागवा आणि उघडून पाहा.

जय भीम!