सरांचा ‘नाही’

दहावीचा निकाल लागला की पाथरीतल्या कितीतरी घरांत एकच वाक्य ऐकू येतं : “आर्ट्स घे, झेपेल तेवढंच बघ.” मुलीला गणितात ऐंशी मार्क असले तरी! अब्बूंनी म्हटलं तर ती निदान रुसते, भांडते. सरांनी म्हटलं की गप्प बसते. कारण सरांनी तिची वही पाहिलेली असते.

१९३३ साली कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, दुर्गा भागवतांच्या बहीण, मुंबई विद्यापीठाची बीएस्सी होऊन बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये प्रवेश मागायला गेल्या. संचालक होते सी. व्ही. रामन. मुलगी आहे म्हणून त्यांनी नकार दिला. कमलाबाई हटल्या नाहीत. शेवटी वर्षभर परीक्षा पाहण्याच्या अटीवर प्रवेश मिळाला. १९३९ मध्ये त्या केंब्रिजच्या डॉक्टरेट झाल्या. (नोबेल मिळालं म्हणून माणूस मुलींच्या बाबतीतही शहाणा होतो असं नाही.)

ही गोष्ट आपण ‘जिद्द’ म्हणून सांगतो आणि मोकळे होतो. पण कमलाबाईंचे वडील आणि काका दोघेही त्याच संस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ होते. रामन यांच्या नकाराला उत्तर त्यांना घरातूनच मिळालेलं होतं. आपल्या मोहल्ल्यातल्या टेलरच्या किंवा मेकॅनिकच्या मुलीच्या घरात प्रयोगशाळा कुणी पाहिलेलीच नसते. तिथे सरांचा ‘नाही’ हा शेवटचाच असतो. म्हणून पाथरीतल्या शिक्षकाचा शब्द मुंबईतल्या शिक्षकापेक्षा जड आहे.

तेहरानची मरियम मिर्झाखानी आठवा. गणिताचं फील्ड्स मेडल मिळवणारी पहिली स्त्री, २०१४. शाळेत एका वर्षी गणिताच्या शिक्षिकेला ती विशेष वाटली नाही, तर तिचा रसच गेला. पुढच्या वर्षी हुरूप देणारे शिक्षक भेटले आणि ती चमकली. मुलगी तीच, डोकं तेच. पुढे तिच्या मुख्याध्यापिकेने मुलांच्या शाळेत होते तसे गणिताचे जादा वर्ग मुलींसाठी सुरू केले. ऑलिंपियाडची सुवर्णपदकं, १९९४ आणि १९९५ ची, त्यानंतरची.

‘शाब्बास’ म्हणणं सोपं आहे, त्याला मी प्रोत्साहन म्हणत नाही. पुस्तकाबाहेरचं एक अवघड गणित देणं, अकरावी सायन्सचा फॉर्म हातात ठेवणं, आणि संध्याकाळी घरी जाऊन अब्बूंसमोर “हिला जमेल” असं सांगणं, हे प्रोत्साहन. सर जात नसतील, तर तुमच्यापैकी जे बीएस्सी, इंजिनिअरिंग करून बसले आहेत त्यांनी जावं. निकालानंतर नव्हे, दिवाळीच्या सुट्टीतच. तेव्हा अजून काही ठरलेलं नसतं.